आधी बिट-डेप्थ पाहा, मग किंमत

फोटो-संपादनासाठी फोटोशॉपची वर्गणी भरावी की एलिमेंट्स (फोटोशॉपची साधी आवृत्ती) किंवा गिंप (फुकटचं संपादन सॉफ्टवेअर) यांवर भागवावं, या प्रश्नात बहुतेकदा फिल्टर आणि किंमत यांचीच तुलना होते. खरा फरक बिट-डेप्थमध्ये, म्हणजे फाइल रंगाच्या किती छटा साठवू शकते यात आहे. ८-बिटमध्ये प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा) २५६ छटा मिळतात, १४-बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) १६,३८४. अंधारा भाग बराच उजळवला की ८-बिट फाइलच्या आकाशात पट्टे उमटतात ते यामुळेच. एलिमेंट्समध्ये लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) वापरायचे तर फाइल ८-बिट करावी लागते, आणि कर्व्ह्जचा (उजेड-अंधार वक्ररेषेने बदलण्याचा) अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ चित्र न बदलता वरून बदल करणारा थर, त्यात नाही.

यावर उपाय फुकट आहे. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि हायलाइट्स डार्कटेबल किंवा रॉथेरपी या रॉ फाइल उघडणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्येच उरकून घ्या, १६-बिट टिफ (दर्जा न घटवणारी चित्र-फाइल) काढा आणि मग ती गिंपमध्ये उघडा. गिंप स्वतः रॉ उघडत नाही, ते काम या दोघांकडे सोपवतं. गिंपच्या ३.० आवृत्तीपासून (२०२५) फिल्टर मूळ चित्र न बदलता लेयरवर वेगळे राहतात, नंतर बदलता येतात, म्हणून जुन्या २.१० वर अडून बसू नका.

कॅमेऱ्यात रॉ न घेता फक्त जेपेग काढत असाल तर हा सगळा खटाटोप नको, फाइल मुळातच ८-बिट असते.

वर्गणी घेतलीच तर एक काळजी: फोटोशॉपची पीएसडी फाइल गिंपमध्ये उघडते, पण स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र जपून ठेवणारा खास लेयर) आणि अ‍ॅडजस्टमेंट लेयर जसेच्या तसे येतील याचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक कामाची लेयर एकत्र केलेली १६-बिट टिफ सोबत ठेवा.