दीड वर्षाच्या लेकीच्या दातांवर पांढरे पट्टे, मदत हवी आहे

लेक दीड वर्षाची आहे. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसू लागलेत. डेंटिस्ट म्हणाले, किडीची सुरुवात आहे, फ्लोराइड व्हार्निश (दात मजबूत करणारा पातळ लेप) लावू. शिवाय फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन दोनदा दात घासायचे आणि झोपेत दूध पाजणं बंद.

रात्रीचं दूध कसं सोडवलंत? पिता पिताच झोपते ती, नाही दिलं तर अख्खी बिल्डिंग जागी! ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटते. मांडीवर आडवं घेऊन घासणं कुणाला जमलंय का? सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात ना!

व्हार्निश लावताना मुलं फार रडतात का? नाशिकमधले लहान मुलांचे डेंटिस्टही सुचवा.