स्टील गिटारसाठी ट्यूब प्रीअँप कुठला घ्यावा? मिक्सरला थेट लावली की आवाज मरतो

हवाईयन_कणकवली
नमस्कार मंडळी. मी मांडीवर ठेवून वाजवायची सहा तारांची इलेक्ट्रिक स्टील गिटार वाजवतो, आपल्याकडे सगळे हवाईयन गिटारच म्हणतात ती. भावगीतं, नाट्यगीतं, गणपतीत आणि जत्रेत आमचे छोटे कार्यक्रम असतात. घरच्या अँपवर आवाज मस्त येतो, मींड लांबपर्यंत टिकते, पण कार्यक्रमाला साउंडवाला म्हणतो अँप आणू नका सरळ मिक्सरला द्या, आणि तिथे लावली की वरची सगळी चमक जाते, कांबळं पांघरून वाजवतोय असं वाटतं. ट्रेबल वाढवला तर नुसतं टोचतं, गोडवा येत नाही तो नाहीच. म्हणून मधे एखादा ट्यूब प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधी व्हॅक्यूम ट्यूबने सिग्नल वाढवणारा डबा, लावावा असं डोक्यात आहे. बजेट वीस-पंचवीस हजार. ऑनलाइन पाहिलं तर स्वस्तात ट्यूबवाले माइक प्रीअँप दिसतात, आत ट्यूब छान पेटलेली दिसते, आणि दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले महागडे आहेत. ज्यांनी वापरलेत त्यांनी कृपया सांगा, काय बघून घ्यायचं?

व्हॉल्व्हवाला_रत्नागिरी
ट्यूबचं नंतर बघू, आधी आवाज का मरतो ते बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे. पिकअप म्हणजे बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची कॉइल, तिला पुढे जवळजवळ भारच नको असतो. गिटार अँपच्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, तो जितका जास्त तितका पिकअपवर भार कमी) साधारण १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, असतो म्हणून घरी ती मोकळी वाजते. मिक्सरचा लाइन इनपुट १० हजार ओहमच्या आसपास, माइकचा तर दोनेक हजारच. तिथे वरचे स्वर दबतात, आवाजही लहान होतो, मग साउंडवाला गेन चढवतो, ट्रेबल चढवतो, पण जे मिक्सरपर्यंत पोचलंच नाही ते नॉब फिरवून कुठून येणार? त्यामुळे प्रीअँप कुठलाही घ्या, गिटारचा इनपुट १ मेगओहमचा आहे का हे पहिलं विचारा.

दुसरं, ट्यूबच्या प्लेटला, म्हणजे आतल्या धन टोकाला, किती व्होल्ट मिळतात. १२एएक्स७ सारख्या ट्यूबला मोकळेपणी काम करायला २००-२५० व्होल्ट लागतात. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांत ट्यूब असते पण तिला त्यापेक्षा खूपच कमी व्होल्ट दिलेले असतात, तिचा आवाज लवकर फाटतो. रॉकवाल्यांना ते आवडतं, आपल्याला नाही. तार छेडल्या क्षणी जो मोठा झटका येतो तो स्वच्छ गेला पाहिजे आणि मग तारांवरचा रॉड सरकत असताना स्वर अखंड राहिला पाहिजे, म्हणजे स्टीलला हेडरूम (न फाटता मोठं व्हायला जागा) हवी, डिस्टॉर्शन नको. गेन जास्त वाटला तर ट्यूब बदलून कमी करता येतो. १२एएक्स७ चा अँप्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, १००, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा चाळीस-पंचेचाळीस, १२एयू७ चा वीसच्या आसपास, आणि चारहींचा बेस (खालच्या पिना) अन् हीटर (ट्यूब तापवणारी तार) सारखाच. बहुतेक प्रीअँपमध्ये १२एवाय७ बसवून बघायला हरकत नाही.

महागड्यांत अ‍ॅलेम्बिकचा एफ-२बी स्टीलवाले वापरतात, त्याचं सर्किट फेंडरच्या ड्युअल शोमन अँपमधल्या प्रीअँपवर आधारलेलं आहे. सार्नोचा ब्लॅक बॉक्स तर स्टीलवाल्यांसाठीच काढलेला, गिटार आणि व्हॉल्यूम पेडलच्या मधे लावायला. पण तिकडून काहीही मागवताना मागे २३० व्होल्टचा पर्याय आहे का ते बघा. नुसता ११७-१२० चा असेल तर आपल्याकडे थेट लावला की जळला. स्टेपडाउन लावता येतो, पण फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो.

तुमच्या बजेटमध्ये मला विचाराल तर ट्यूब अँप दुरुस्त करणाऱ्या चांगल्या माणसाकडून बनवून घ्या. एकच ट्यूब, तिच्यात दोन ट्रायोड असतात, म्हणजे एका काचेत दोन ट्यूबच, पहिल्यात गेन, दुसरा कॅथोड फॉलोअर, म्हणजे आवाज न वाढवता पुढची केबल ओढायची ताकद देणारा. आउटपुट इम्पीडन्स हजार ओहमच्या आत येतो, मग पुढची केबल लांब असली तरी ट्रेबल टिकतो. ट्रान्सफॉर्मर २३० चाच गुंडाळून घ्यायचा, बाकी सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. मात्र स्वतः खोलून बघू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्ट साठून राहतात.

मालवणी_बुवा
माका गिटार वाजवक येणा नाय, पण भजनाची साउंड सिस्टीम बरीच वर्सा सांभाळतंय म्हणान सांगतंय. ट्यूब घेतलंस तर आधी लाईट बघ. जत्रेक लांबसून वायर ओढलेली आसता, १८० व्होल्ट इले तर हीटराक ६.३ च्या जागेर ५ च्या आसपास गावतले, मगे आवाज बसतलो. स्टॅबिलायझर व्हयोच. दुसरा अर्थिंग. जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंगचो खड्डो सुको पडता, पाणी घालूक कोण बघणा नाय, आणि गिटारीत घूं घूं सुरू. ता घालवूक कोणी अर्थची पिन काढूक लागलो तर त्याका थांबव रे बाबा, आत अडीचशे व्होल्ट आसतत आणि तुझो हात लोखंडी तारांर. आणि खारो वारो लागान सॉकेटाच्या पिनांक गंज धरता, खर्र खर्र इला की ट्यूब बदलूच्या आधी कॉन्टॅक्ट क्लीनरान सॉकेट साफ कर.

हवाईयन_कणकवली
बुवा, अर्थिंगचं खरंच कधी बघितलं नव्हतं, पुढच्या कार्यक्रमाआधी बघायला लावतो. व्हॉल्व्हवाले काका, बनवून घ्यायचं पटलं. एक राहिलं, माझं व्हॉल्यूम पेडल ५०० के (पाच लाख ओहम) चं पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवाय चालणारं, आहे, ते प्रीअँपच्या आधी की नंतर? आणि प्रीअँप लावला की घरच्या अँपसारखाच आवाज मिक्सरमधून येईल ना?

स्लाईड_वेंगुर्ला
मी वेंगुर्ल्याला लॅप स्टील वाजवते, पेडलचं मी सांगते. गिटार, मग प्रीअँप, मग पेडल. पण ५०० के चं पेडल अर्ध्यावर असताना बाहेर सव्वा लाख ओहम दिसतात, आणि पुढे सहा मीटर केबल असेल तर साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचं उतरायला लागतं. आणि आपण तर बहुतेक वेळ अर्ध्याच्या आसपासच असतो, स्वर विरायला लागला की हळूहळू दाबत जायचं म्हणून. तेव्हा पेडलमधला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) २५ के चा करून घ्या किंवा कीबोर्डवाल्यांचं पेडल घ्या. पेडलनंतर लगेच डीआय (गिटारचा सिग्नल मिक्सरसाठी बॅलन्स्ड करणारा छोटा डबा), तिथून बॅलन्स्ड, म्हणजे लांब गेली तरी घूं घूं कमी धरणारी, केबल मिक्सरला.

अँपसारखाच आवाज मात्र येणार नाही, कारण अँपमधला स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ सोडूनच देतो, आणि मिक्सरला थेट दिलं की ते सगळं उघडं ऐकू येतं, रॉडची खरखर, नखीचा टकटकाट सगळं. साउंडवाल्याला तेवढं वरचं कापायला सांगा. आता मिडचं, म्हणजे बास आणि ट्रेबलच्या मधल्या पट्टीचं. अमेरिकन पेडल स्टीलवाले (त्यांच्या गिटारला सूर बदलायची पायातली पेडलं असतात) ८०० हर्ट्झच्या आसपास बरंच कमी करतात आणि ऑनलाइन वाचून आपलेही लोक तेच करतात. त्यांचं वाजवणं बरंचसं कॉर्डचं, आपलं गळ्यासारखं एका स्वराचं. व्हॅन शिपले हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचे, ब्रिजभूषण काब्रांनी तर हवाईयन गिटारवर राग मांडले, तिथे मिड गेला तर गाणंच गेलं. काकांनी सांगितलेल्या एफ-२बी सारखं फेंडर पद्धतीचं टोन सर्किट बसवणार असाल तर लक्षात ठेवा, सगळे नॉब मध्यावर असले तरी त्यात मिड खाली बसलेलाच असतो. मिड पूर्ण वर, बास आणि ट्रेबल बरेच खाली, तिथून सुरुवात करा आणि मग कानाने ठरवा. रिव्हर्ब मिक्सरवरूनच घ्या, पण थोडाच, नाहीतर द्रुत तानांत सगळं एकमेकांत मिसळतं.