डिस्कवर दोन थेंब तेल सोडा म्हणे!

उद्यमनगरकर: कालपासून "गाडीची निगा, घरच्या घरी" म्हणून एक शहाणपण फिरतंय. चेनला खोबरेल. ऑईल बदलायचं नाही, नुसतं वरनं घालत राहायचं. पुढचा ब्रेक कुईकुई करत असेल तर डिस्कवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, दोन थेंब तेल. चेन पुसायची तर गाडी मेन स्टँडवर पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवायची आणि फडकं नुसतं धरायचं, चेन आपोआप फिरते.

मी बी हसलो. संध्याकाळी बहिणीचा पोरगा दारात, तोंड पांढरं. त्यानं खरंच तेल सोडलेलं. दसरा चौकात सिग्नलला लिव्हर दाबला तर गाडी थांबेना, रिक्षाच्या मागं जाऊन टेकली. चकतीला आवळणारे ब्रेकपॅड तेल प्यालेले, टाकूनच द्यावे लागले. लिहिणाऱ्यानं पैसे भरावेत.

पन्हाळा_सुसाट: अहो मामा, जोक आहे तो. उद्या कुणी मिसळीचा कट टाकीत ओता म्हटलं तर भाचा ओतणार काय?

उद्यमनगरकर: नाही ओतणार, कारण कट गाडीत घालत नाहीत हे शेंबड्या पोरालाबी कळतंय. तेल घालतात. कुठं घालायचं नाही हे त्याला कोण सांगणार, तुम्ही?

शुक्रवारपेठी: तेलाचं सोडा, पाण्याचं कुणीच काही लिहीत नाही. २०१९ च्या पुरात माझी गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर किक मारली, तिसऱ्या किकला चालू. उगाच घाबरवतात गॅरेजवाले.

बारा-तेराचा_पाना: नशीब तुमचं. त्याच पुरानंतर एक गाडी आली होती, किक खालीच जात नव्हती. म्हणजे इंजिनाच्या सिलेंडरमध्ये पाणी, आणि पाणी दाबलं जात नाही. मालकानं काय करावं? पोरांना घेऊन उतारावर ढकलली आणि गिअर टाकून क्लच सोडला. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला. आधी स्पार्क प्लग काढायचा, मग किक मारायची, पाणी पिचकारीसारखं बाहेर पडतं. ऑईल चहासारखं झालेलं असतं, ते बदलायचं. मगच स्टार्टर.

शुक्रवारपेठी: म्हणजे मी खोटं बोलतोय?

बारा-तेराचा_पाना: तुमच्या इंजिनात पाणी गेलं नसेल. सीट भिजली म्हणून इंजिन बुडलं असं नसतंय.

शुक्रवारपेठी: तुम्ही होता काय तिथं? शिरोलीला हायवे बंद, आम्ही चार दिवस गच्चीवर, आणि हे आम्हाला पूर शिकवणार!

जुनी_फटफटी: भांडू नका. आता किकच कुठं राहिलीय? पोरानं नवी गाडी घेतली, नुसतं बटण. गगनबावड्याला बॅटरी बसली तर मामलेदाराला अर्ज करायचा काय? आमच्या वेळी...

पन्हाळा_सुसाट: आलं "आमच्या वेळी". तुमच्या गाडीचं निम्मं आयुष्य किक खाण्यातच गेलं, काका.

जुनी_फटफटी: खाल्ल्या, पण घरी आणली! गेल्या पावसाळ्यात तुलाच आंबा घाटातनं टेम्पोत घालून आणलं होतं ना?

रंकाळ्याचा_वारा: नमस्कार. ते शहाणपण माझंच. पॅडचे पैसे देतो, मिसळबी देतो. पण एवढ्या मोठ्या माणसांना विनोद समजावून सांगायचा म्हणजे कमाल झाली.

बारा-तेराचा_पाना: तेलाचं मी हसण्यावारी नेलं असतं. चेनचं नाही. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नाही. सतरा वर्षांचा होतो, गाडी चालू ठेवून फडकं धरलं. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, मधी गेलं, मागोमाग बोट. हात काढायचा विचार डोक्यात यायच्या आत सगळं संपलेलं. चेन पुसायची तर इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं. चेनला ९० नंबरचं गिअर ऑईल.

पन्हाळा_सुसाट: बरं. ते चेनचं काढा राव. बाकीचं राहू दे.

रंकाळ्याचा_वारा: काढलं. डिस्कचंबी काढलं, मामांच्या भाच्यासाठी खास. खोबरेल ठेवतोय, तेवढं तरी हसू दे माणसाला.

उद्यमनगरकर: उपकार झाले. रिक्षावाल्याचा नंबर पाठवतो, त्यालाबी मिसळ द्या.

रंकाळ्याचा_वारा: देतो. पण एक सांगा, माझा ब्रेक खरंच कुईकुई करतोय, म्हणून तर सुचलं होतं. त्याचं काय करू?

बारा-तेराचा_पाना: पॅड काढून बघा. किती किलोमीटर झाले त्याला?

रंकाळ्याचा_वारा: बदलायचे असतात काय?