सहा खोल्यांच्या घरासाठी स्प्लिट एसी की व्हीआरएफ?

प्रश्न : रत्नागिरीजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे दुमजली घर पूर्ण होत आले आहे. प्रत्येक खोलीत स्वतंत्र स्प्लिट एसी बसवावा, की बाहेरच्या एकाच यंत्रावर चालणारी व्हीआरएफ यंत्रणा घ्यावी? हिवाळ्यासाठी हीटरची सोयही हवी का?

उत्तर १ : एरवी घरात चार माणसे आणि गणपतीत वीस, अशी आपल्याकडची रीत असल्याने मी इन्व्हर्टर स्प्लिटच सुचवेन; एक बिघडला तरी बाकीचे चालू राहतात आणि दुरुस्ती करणारा जवळपास मिळतो.

उत्तर २ : खरा शत्रू खारा वारा आहे. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्या जिथे एकमेकींना टेकतात, तिथे खारट ओलाव्याने ॲल्युमिनियम झिजते. म्हणून गंजरोधक लेपाचे कॉइल घ्यावे, बाहेरचे यंत्र समुद्राकडे पाठ असलेल्या भिंतीला लावावे आणि वीज बंद करून ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे. माझे पहिले यंत्र पश्चिमेच्या गच्चीवर होते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या पत्र्या बोटांनी चुरत होत्या. शिवाय टन उगाच वाढवू नका, कारण गरजेपेक्षा मोठा एसी खोली चटकन गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो.

उत्तर ३ : हीटरची गरज नाही. ते पैसे सौर बंबाला लावावेत.