ठासणीच्या बंदुकीचा मागचा बूच जाम झालाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात, काका मुरबाडला. त्यांच्या शेतीसंरक्षण परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुकीचा मागचा आट्यांचा बूच तसूभरही हलत नाही. काळ्या दारूची काजळी ओलावा ओढते, त्यात आपला पावसाळा! सांध्यावर तांबूस गंजाची रेघ स्पष्ट दिसतेय.

आधी गज आत घालून नळीच्या तोंडाशी खूण केली, मग तोच गज बाहेरून नळीला लावला. टोक थेट निपलपाशी (ठिणगीची टोपी बसते त्या मागच्या पोकळ खुंटीपाशी) येतं, म्हणजे आत बार नाही. हे बघितल्याशिवाय अशा बंदुकीला कुणीही हात लावू नये, कळकळीने सांगतो.

निपल काढून त्या भोकातून गंज सोडवणारं तेल सोडलंय. गावातला लोहार म्हणतो, गॅसने तापवू. मला ते अजिबात पटत नाही, जुन्या नळीचं पोलाद आहे. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवानाधारकच लागतो.

ठाणे-नवी मुंबईत ठासणीच्या बंदुकांचा हात असलेला असा कारागीर कुणाला माहीत आहे का? आणि बूच काढायलाच हवा, की गरम पाण्याने नळी धुऊन, पूर्ण वाळवून तेल दिलं तरी चालेल? जाणकारांनी कृपया सांगा.