लिफ्टसमोरच्या फ्रेमी (बी विंग, हिंदवाडी, बेळगाव – सोसायटी ग्रुप)

१०३ काका: लिफ्टसमोर कालपासून फ्रेमींची चळत लावलीय. सकाळी गाडी काढायला वॉचमनला हाका मारत बसलो. हे कुणी बघायचं?

सेक्रेटरी: काका, एका रात्रीचा प्रश्न आहे. उद्या सकाळी टेम्पो येतोय. मास्तर आणि ३०१ ताई, दोघांचं चित्रप्रदर्शन. वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन, टिळकवाडी. सर्वांनी सहकुटुंब यावे 🙏

१०३ काका: येऊ की. पण गाडी कुठनं काढायची?

२०२ वहिनी: पत्रिका बघितली. मास्तरांचं नाव वर ठळक, ताईंचं खाली बारीक. मग दोघांचं कशाला म्हणायचं?

मास्तर: वहिनी, एका ओळीत घाल म्हणून प्रेसवाल्याला दोनदा सांगितलं होतं.

२०२ वहिनी: तुम्हाला नाही हो मास्तर 🙏 मी आपलं जनरल बोलले.

४०१: वहिनींचं जनरल नेहमी कुणाच्या तरी दारातच जाऊन पडतं 😂

खजिनदार: हार, कुंदा, बॅनर, यातलं काहीही मेंटेनन्समधून होणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

४०१: बॅनरवर कन्नड वर आणि मोठं घाला. २०२४ ला ६० टक्के कन्नडच्या नियमावरनं दुकानांच्या पाट्यांचं काय झालं बघितलंय ना.

सेक्रेटरी: ग्रुपवर राजकारण नको.

४०१: राजकारण कुठलं ओ! फ्लेक्सचे पैसे पाण्यात जातील म्हणून सांगायलोय.

१०३ काका: गाडीचं काय झालं?

३०१ ताई: एक विचारायचंय, राग नको. मास्तरांचं म्हशीचं चारकोल कुणी हाताळलं? काचवाला संध्याकाळी येणार होता, नुसता पेपर घालून ठेवलं होतं. पाठीवरनं शिंगापर्यंत बोट ओढलंय. बोट लहान आहे.

२०२ वहिनी: आमचा मुलगा क्लासला गेला होता.

४०१: नाव कुणी घेतलं वहिनी?

४०४: कोळशाच्या रेघोट्याच ना? परत ओढता येतील. पेंटिंग असतं तर गोष्ट वेगळी.

मास्तर: रेघोट्या म्हणा, चालतंय. पण कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो. फिक्सेटिव्ह फवारल्यावर धरतो. पाठीवरचा उजेड खोडरबराने उचलायचा राहिला होता म्हणून फवारलं नव्हतं. बोट फिरलं की भुकटी कागदाच्या दाण्यात शिरते, मग तिथलं पांढरं परत मिळत नाही. आणि ड्रॉइंग ही पेंटिंगची कच्ची वही नव्हे, एवढंच.

४०४: सॉरी मास्तर, मला त्यातलं कळत नाही.

४०१: कळत नाही तर टाइप कशाला करायचं? रवी परांजपे, जॉन फर्नांडिस हे चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांचे विद्यार्थी. परांजपे तर १९३५ ला इथंच जन्मलेले. या गावात ड्रॉइंगला रेघोट्या म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

४०४: सॉरी म्हटलं की एकदा.

१०३ काका: आणि आम्ही इथं स्कूटरवरनं भांडायलोय असं कुणी म्हणू नका. स्कूटर नव्हे, बुलेट आहे.

मास्तर: म्हैस मी काढून घेतली. त्या जागी ताईंचं खानापूरच्या पावसाचं जलरंग लावूया.

३०१ ताई: नको मास्तर, मग तुमचं एक कमी होईल.

२०२ वहिनी: होऊ दे की. पत्रिकेत कमी पडलेलं भिंतीवर भरून निघेल.

मास्तर: वहिनी जनरल बोलल्या 😄

३०१ ताई: आणखी एक. सकाळी लादी धुतली तेव्हा पाणी फ्रेमींच्या खाली गेलं. दोनांचा मागचा पुठ्ठा ओला आहे. जलरंगाचा कागद या हवेत लगेच दमट होतो, बुरशी धरते. काचेला चिकटू नये म्हणून माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालतो, पण पाणी मागनं आलं तर माउंट काय करणार? रात्रीपुरतं कुणी घरात ठेवून घेईल का?

४०१: आमच्याकडे पाहुणे आहेत.

४०४: आमचं पेंटिंगचं काम चाललंय. म्हणजे भिंतींचं.

सेक्रेटरी: माझ्याकडे जागा नाही, नाहीतर ठेवून घेतलं असतं.

२०२ वहिनी: लहान मुलं आहेत घरात.

४०१: ते कळलं 😂

१०३ काका: माझ्या हॉलमध्ये आणून ठेवा. सोफा सरकवलाय. चपला बाहेर काढायच्या आणि मला विचारल्याशिवाय टीव्हीसमोर काही लावायचं नाही.

मास्तर: काका, उपकार झाले 🙏

खजिनदार: हॉलचं भाडं सोसायटी देणार नाही.