हरभऱ्यातल्या भुंग्याला निलगिरीचं तेल चालतं का?

बार्शीची सून:
घरचा ४० किलो हरभरा पत्र्याच्या कोठीत भरायचाय. गेल्या साली श्रावणात झाकण उघडलं तर दाण्यादाण्याला भोक, तळाला पीठ साचलेलं. सगळा गुरांपुढे टाकावा लागला, रडूच आलं. घरात दीड वर्षाचं लेकरू आहे, म्हणून विषारी गोळ्या नकोत. निलगिरीच्या तेलाचा बोळा कोठीत ठेवला तर भागेल का?

माळावरचा काका:
ताई, गोळ्या नको म्हणालात ते फार बरं केलंत. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसाचा जीव घेतो. राहत्या घरात त्या आणूच नयेत.

निलगिरीचं तेल वाफेनं काम करतं. बंद कोठीत त्या वाफेनं मोठे भुंगे मरतात, काही लांब पळतात. खरी अडचण अळीची. दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात ना, ती भुंग्याची अंडी. अळी तिथूनच थेट दाण्यात शिरते आणि आत बसून खाते. तिला ही वाफ फारशी बाधत नाही. वास विरला की राखणही संपते, आणि कोठी तर आपण दर आठवड्याला उघडतो.

माझा भरवसा खायच्या तेलावर. हरभरा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा, दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. पूर्ण निवल्यावर किलोला ५ मिली शेंगदाणा तेल, म्हणजे तुमच्या ४० किलोला २०० मिली, हातानं चोळायचं. दाणा नुसता चकाकला पाहिजे, ओला दिसता कामा नये. तेलाच्या थरानं अंड्याला हवा मिळत नाही, ते उबत नाही. आणि भरण्याआधी कोठीच्या सांदी झाडा, जुने भुंगे तिथंच दडलेले असतात.

बार्शीची सून:
सासूबाई म्हणतात वेखंडाचं तेल घाल. बाळाला तर लावतोच आपण.

माळावरचा काका:
अंगाला लावणं वेगळं, पोटात जाणं वेगळं. वेखंडाच्या तेलानं कीड मरते हे खरं, पण त्यातलं बीटा-असारोन खाण्यात येऊ नये. अमेरिकेनं १९६८ मध्येच खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी घातली. बियाण्याला वापरा हवं तर, खायच्या हरभऱ्याला नको.

कणगीवाली:
आमच्याकडे तळाला आणि वर कडुनिंबाचा पाला घालतात. पण तो सावलीत पुरता वाळलेला हवा. एकदा घाईत ओलसर घातला तर ज्वारीला बुरशी धरली.

बार्शीची सून:
काका, आत्ता मूठभर दाणे उजेडात धरून बघितले. चार दाण्यांवर ठिपके आहेत.

माळावरचा काका:
मग उद्याच गच्चीवर पातळ पसरा. तेल त्यानंतर.